मुलगी दिलेला देश

जागा दाखवायच्या आधीच त्यांनी आम्हाला विचारलं, "कॅनडा सरकारची तूट किती आहे, काही कल्पना?"

मी आणि माझे मिस्टर एकमेकांकडे बघत राहिलो. डोंबिवलीत भाड्याची जागा शोधताना आम्ही तोवर बरेच घरमालक पाहिले होते. कुणी जात विचारली होती, कुणी मासे-मटण करता का म्हणून विचारलं होतं. एकाने तर मूल कधी होऊ देणार तेही विचारून घेतलेलं. कॅनडा कुणी काढला नव्हता. मिस्टर गडबडून म्हणाले, "नाही बुवा. पण भाडं आम्ही वेळेवर देऊ."

"भाड्याचं मी विचारलंच नाही," काका म्हणाले. आणि मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. ते सरकार जेवढं मिळवतं त्याहून कितीतरी जास्त खर्च करतं, उरलेलं उसनं आणतं, आणि त्या उसन्याचं व्याज द्यायला पुन्हा उसनं आणतं. आम्ही उभेच. शेवटी आतून काकू पाण्याचे पेले घेऊन आल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "मनावर घेऊ नका हो. जागा चांगली आहे. पाणीही येतं."

ही ऐंशीनंतरची मधली वर्षं. जागा आम्ही घेतली आणि पुढची बारा-तेरा वर्षं त्या दुमजली घरात राहिलो. ते खाली, आम्ही वर.

काका ठाण्याला सरकारी कोषागारात नोकरीला होते. उभा जन्म बिलं तपासण्यात गेला. मार्च महिना आला की मंजूर झालेले पैसे संपवायची सरकारी खात्यांची जी धावपळ चालते, ती त्यांनी इतकी जवळून पाहिली होती की निवृत्त झाल्यावरसुद्धा मार्चमध्ये त्यांना नीट झोप लागत नसे. अंगाने काटकुळे, उंच. घरातही इस्त्रीचा शर्ट. कुणी रस्त्यावर नवीन दिवा लागला म्हणून खूश झालं की हे खांबाकडे बघून विचारत, "कुठल्या पैशातून?"

एकदा निवडणुकीच्या दिवसांत एक उमेदवार चार माणसं घेऊन दारात आला. पायाबिया पडून म्हणाला, "काका, आपल्या एरियात पाणी देणार, गटारं देणार, व्यायामशाळा देणार. टेन्शनच नाही."

"कुठून?" काकांनी विचारलं.

"कुठून म्हणजे? आपली सत्ता येणार ना!"

"सत्ता येईल हो. पैसे कुठून येतील?"

तो बिचारा हसला, मागे वळून कार्यकर्त्यांकडे बघून पुन्हा हसला. काकांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि तासभर सोडला नाही. जाताना त्याच्याबरोबरचा एक पोरगा मला जिन्यात म्हणाला, "ताई, हे काका कुठल्या पार्टीचे आहेत?" मला सांगता येईना. कारण त्यांच्या जिवाला लागलेल्या पार्ट्या सगळ्या सातासमुद्रापलीकडच्या होत्या.

त्याचं कारण वैजू, त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन ती कॅनडाच्या पश्चिमेकडच्या एका गावात गेलेली. तिथे जाऊन नर्सिंग शिकली आणि गावातल्याच सरकारी खर्चाने चालणाऱ्या हॉस्पिटलात लागली. मी एकदा काकांना सरळ विचारलं, "काका, तुम्हाला त्या देशाचं एवढं काय पडलंय?" तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच काहीतरी वेडगळ बोलले.

"अहो मास्तरीणबाई, मुलगी दिलीय त्या घरात." मी शाळेत शिकवत असे म्हणून त्यांनी मला हे नाव पाडलेलं. "मुलगी देताना घराची परिस्थिती बघतो की नाही आपण? कर्ज आहे का, कर्ता माणूस कसा आहे? मी जावई पाहिला, त्याचे आईवडील पाहिले. देश बघायचा राहून गेला. तो आता बघतोय."

वैजू तिकडची वर्तमानपत्रं गठ्ठा बांधून बोटीच्या टपालाने पाठवायची. तीन महिन्यांनी ती डोंबिवलीत पोचत. काका तारखेप्रमाणे ती लावून ठेवत आणि आंघोळ झाली की रोज एकच अंक वाचत. एकच. पुढचा उघडून बघायचा नाही, आणि आपल्याकडच्या पेपरात किंवा रेडिओवर कॅनडाचं काही आलं तर ते त्यांना कुणी सांगायचं नाही. त्यामुळे आमच्या खालच्या मजल्यावर उन्हाळ्यात तिकडच्या हिवाळ्याच्या बातम्या चालत. वैजू दर रविवारी सकाळी फोन करायची तो आमच्याकडे, कारण घरात फोन घेणं हा काकांच्या मते निव्वळ बिनकामाचा खर्च होता. ती आधी विचारायची, "बाबा, तुमचं कुठपर्यंत आलंय?" आणि काका जिथवर पोचले असतील तिथवरच्याच राजकारणावर दोघं बोलत. मागून काकू पुटपुटत, "अहो, मुलांचा खोकला गेला का ते विचारा." ते कधी विचारलं जायचं, कधी नाही.

दरवर्षी फेब्रुवारीच्या अखेरीला ते घराचं अंदाजपत्रक मांडत. खालच्या गॅलरीत खुर्च्या टाकून. मी विरोधी पक्षनेती. माझे मिस्टर अपक्ष, कारण त्यांना लवकर उठून जायचं असे. काकू राज्यपाल. म्हणजे सगळं ऐकून घ्यायचं आणि शेवटी सही करायची. एका वर्षी काकांनी पाहुण्यांच्या चहातली साखर आणि दिवाळीतले अनारसे यांत कपात सुचवली. मी जोरदार भाषण केलं. काका खवळून म्हणाले, "तिकडे एकदा आख्खं सरकार बजेटवर पडलंय, माहितीय? पाडा! पाडा माझं सरकार!" काकूंनी सही केली आणि दिवाळीला अनारसेही केले. काकांनी ते खाल्ले. त्यावर सभागृहात कुणी प्रश्न विचारला नाही.

असं सगळं गमतीत चाललं होतं. मग एका सकाळी, नव्वदनंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतली ही गोष्ट, मी शाळेत निघायच्या गडबडीत असताना खालून ओरडणं ऐकू आलं. "दोन! अहो, दोन!" पाठोपाठ काका जिना चढून वर. हातात पेपर, चेहरा पांढराफटक. मला वाटलं, वैजूकडे काही अपघात झाला आणि दोन माणसं गेली.

"काय झालं काका? कोण दोन?"

"सत्ताधारी पक्ष! दीडशेच्या वर खासदार होते. दोन निवडून आले. दोन! पंतप्रधानबाईसुद्धा पडल्या."

मी भिंतीला टेकले. आधी राग आला, मग हसू. पण ते आमच्या कॉटवर बसले ते उठेचनात. सारखं म्हणत होते, "असं होऊ शकतं? लोक असं करू शकतात?" उभा पक्ष एका दिवसात पुसून टाकणं त्यांच्या हिशेबातच बसत नव्हतं. आमच्याकडे सरकारं पडत, फुटत, पुन्हा जुळत. त्यांनी कोषागारात बसून किती मंत्री येताना-जाताना पाहिलेले. पण असं काही त्यांनी पाहिलेलं नव्हतं. ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. काकू माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "सुतक धरायचं का गं? मला काही कळत नाही."

तिसऱ्या दिवशी काका सावरले आणि त्यांनी निष्कर्ष काढला. आधीच्यांना तूट भरता आली नाही, म्हणून लोकांनी त्यांचं घर रिकामं केलं. आता नवे लोक भरतील. भरतीलच. त्या दिवसापासून ते नव्या सरकारच्या मागे लागले. रोजचा अंक उघडला की पहिला प्रश्न, "कापलं का?" म्हणजे खर्च कापला का.

वर्ष-सव्वा वर्ष गेलं असेल. एका रविवारी काका केस कापायला गेले होते आणि वैजूचा फोन आला. काकूंनी घेतला. मी स्वयंपाकघरात होते. नेहमी काकू मोठ्याने बोलत, तिकडे सातासमुद्रापलीकडे ऐकू जायला हवं म्हणून. त्या दिवशी त्यांचा आवाजच येईना. बाहेर येऊन बघते तर फोन ठेवून त्या नुसत्या उभ्या.

"वैजूचं हॉस्पिटल बंद होणार," त्या म्हणाल्या. "सरकारने पैसे बंद केले. वरच्या सरकारने खालच्याचे कमी केले, खालच्याने हॉस्पिटलांचे. तिला नोटीस आली. आतापासूनच घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करते, मिळेल त्या वेळी. पहाटे जाते. जावई दुसऱ्या गावी कामाला. मुलं एकटी उठतात, एकटी शाळेत जातात."

"काकांना..."

"सांगू नको म्हणाली. त्यांच्या पेपरात येईल तेव्हा येईल, तोवर त्यांना खूश राहू दे, म्हणाली."

मी त्यांचा हात धरला. आम्हा दोघींच्या मनात एकदमच खाली लावून ठेवलेला तो पेपरांचा गठ्ठा आला.

पुढचे दिवस मला अजून आठवतात. काका रोज एक अंक पुढे सरकत होते आणि आम्ही दोघी तो सरकताना बघत होतो. मी एकदा म्हटलंसुद्धा, "काकू, तो अंक काढून टाकूया का मधून?" त्या म्हणाल्या, "बंद झालेलं हॉस्पिटल काढून टाकता येईल का?"

मग केंद्राच्या बजेटचा दिवस त्यांच्या वाचनात आला. सरकारने खरंच कापलं होतं. हजारो सरकारी नोकऱ्या जाणार होत्या, प्रांतांना द्यायचे पैसे कमी केले होते. काका अंक हातात घेऊन नाक्यावरच्या मिठाईवाल्याकडे गेले आणि पेढे घेऊन आले. ज्या माणसाने पाहुण्यांच्या साखरेत कपात सुचवली होती तो माणूस! आख्ख्या गल्लीत वाटत सुटले. लोक विचारत, "काय काका, वैजूला मुलगा झाला का?" काका म्हणत, "त्याहून मोठं. सरकारला अक्कल आली!"

आमच्याकडे आले तेव्हा काकू तिथेच भाजी निवडत बसल्या होत्या. काकांनी मला पेढा दिला, मग त्यांच्यासमोर पेटी धरली. "घे. तुझ्या लेकीचं घर आता बुडत नाही."

काकूंनी पेढा घेतला. खाल्ला नाही. हातात धरून तशाच बसून राहिल्या. काका खाली गेल्यावर माझ्या हातात तो देऊन म्हणाल्या, "कावळ्याला टाक."

हॉस्पिटलाच्या बातमीचा तो अंक काकांच्या वाचनात आला त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी जिन्यात होते. काका खुर्चीत, पेपर गुडघ्यावर उघडा. बंद होणाऱ्या हॉस्पिटलांची नावं आलेली, आणि वैजूच्या हॉस्पिटलाचा फोटोसुद्धा. त्यांनी हाक मारली, "अगं, इकडे ये. हे वैजूचं..."

"माहीत आहे," काकू आतूनच म्हणाल्या.

"माहीत आहे? कधीपासून?"

"तुम्ही पेढे वाटलेत, त्याच्या आधीपासून."

काकांचा हात पेपरवरच राहिला. तोंड उघडं. मी त्यांना कितीतरी वेळा चकित झालेलं पाहिलं होतं, त्यात त्यांना मजाही वाटायची. हे तसं नव्हतं. ते हळूहळू माझ्याकडे वळले. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कोण जाणे. म्हणाले, "तुम्हालाही?" मी मान हलवली.

संध्याकाळी ते वर आले. "कॅनडाला फोन लावायचाय." आमच्या फोनवरून परदेशी फोन लागत नसे, म्हणून आम्ही तिघं स्टेशनजवळच्या बूथवर गेलो. तिकडे तेव्हा सकाळ असणार. काचेच्या त्या खोक्यात काका आणि काकू दाटीवाटीने उभे राहिले. उकाड्यामुळे दार उघडंच होतं, मी दाराशी. बूथवाल्याने नंबर लावून दिला. "बोला काका, लागली लाइन."

"वैजू, बाबा बोलतोय. वाचलं मी. आज आलं माझ्याकडे." मग थोडा वेळ ते ऐकत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस रडेल. माझेच डोळे भरून आले होते.

काका म्हणाले, "हे बघ, तुझं वाईट झालं. मला कळतं. पण सरकारने केलं ते बरोबरच केलं."

"नाही, तू ऐक. सगळं व्याजातच चाललं होतं. आज ना उद्या कुणाच्या तरी नोकऱ्या जाणारच होत्या. त्यात तुझी आली. घरातलं माणूस आहे म्हणून मी हिशेब बदलू का?"

बूथवालासुद्धा मान वर करून बघत होता. काकूंनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी काकांवर आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता, आणि त्या दिवशीही तो चढला नाही. त्यांनी काकांच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला आणि म्हणाल्या, "वैजू, मी येते... हो, तिकडेच. मुलांकडे बघायला... नाही गं, ते नाही. मी एकटी."

आणि फोन ठेवला.

रिक्षात काका म्हणाले, "पासपोर्ट लागतो."

"काढते."

"थंडी फार असते तिकडे."

"असू दे."

आम्हाला सगळ्यांना वाटलं, रागाच्या भरातलं बोलणं आहे. माहेर कल्याण, सासर डोंबिवली, फार तर नातेवाइकांच्या लग्नाला विठ्ठलवाडी, एवढंच जग असलेली बाई कॅनडाला कशी जाणार? पण त्यांनी फोटो काढून घेतले. माझ्या मिस्टरांकडून फॉर्म भरून घेतला. चौकशीला आलेल्या हवालदाराने काकांना विचारलं, "साहेब, मॅडम एकट्याच जाणार? तुमची काही हरकत?" काका म्हणाले, "मला कुणी विचारलेलं नाही." हवालदार काकूंकडे बघायला लागला. काकू म्हणाल्या, "चहात साखर किती?"

तिकिटासाठी त्यांनी हातातल्या पाटल्या मोडल्या. ठाण्याच्या सराफाकडून परत आल्या तेव्हा मी गॅलरीत होते. त्यांचे ते उघडे हात बघून मला धक्का बसला. काकांनी जेवताना ते पाहिले असणार. नोव्हेंबरात काकू गेल्या. अंगात माझा स्वेटर, पायात चपला. बूट तिकडे गेल्यावर घेऊ, म्हणाल्या.

नंतर काका एकटे. सकाळी वरण-भात स्वतः करायचे. कुकरच्या शिट्ट्या मोजताना वाचनात गुंगायचे, मग करपल्याचा वास वर आमच्याकडे यायचा. रात्रीचं जेवण मी देत असे. रविवारी फोन यायचा. वैजू त्यांच्याशी दोन वाक्यं बोलून आईकडे द्यायची, आणि काकू ओरडून सांगायच्या, "मी मजेत आहे! थंडी बाहेर असते, घरात काही कळत नाही!" काका म्हणायचे, "बरं. बरं. ठेवू मग?" त्या फेब्रुवारीत त्यांनी घराचं अंदाजपत्रक मांडलं नाही. मीही विचारलं नाही.

वैजू रागावलेली होती, पण तिने गठ्ठे पाठवायचं थांबवलं नव्हतं. आणि काका अजूनही रोज एकच अंक वाचत.

मे महिन्यातली दुपार. लाइट गेलेले, मी पुठ्ठ्याने वारा घेत बसले होते. काका जिना चढून आले. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. हातातल्या पेपराची घडी त्यांनी हवामानाच्या चौकटीवर घातली होती. ते पान ते कधीच बघत नसत, थेट पैशांच्या पानावर जात.

"उणे एकतीस," ते म्हणाले. "मास्तरीणबाई, उणे एकतीस म्हणजे काय होतं माणसाला? इथे लिहिलंय, कातडी उघडी ठेवू नका, काही मिनिटांत जखम होते. पहाटेचा आकडा आहे हा. वैजू पहाटे कामावर जाते. मुलांना शाळेच्या बसपर्यंत कोण सोडत असेल?"

"काकू सोडत असतील."

"हिच्याकडे मोजे होते का?"

त्यांचा चेहरा बघून मी घाईघाईने म्हटलं, "अहो काका, हा अंक फेब्रुवारीचा आहे. आता मे चाललाय. तिकडे उन्हं पडली असतील, बर्फ कधीच वितळलं असेल. काकू पुढच्या आठवड्यात येतायत."

"हो," ते म्हणाले. "पण फेब्रुवारीत ती तिथेच होती ना."

ते कॉटवर बसले आणि डोळ्यांवरून हात फिरवत राहिले. घाम होता की काय, मी बघितलं नाही. त्या दिवशी ते खाली गेले आणि उरलेले अंक त्यांनी एकाच दुपारी वाचून काढले. फक्त ती हवामानाची चौकट. मग मला येऊन सांगितलं, शेवटच्या अंकात शून्याच्या वर गेलं.

काकू आल्या त्या दिवशी आम्ही टॅक्सी करून सकाळी विमानतळावर गेलो. दाराशी माणसं लोटली होती. काका कठड्याला चिकटून उभे. काकू बाहेर आल्या त्या नऊवारीवर पांढरे बूट घालून, हाताशी एक जाडजूड कोट. गाल काळवंडून सोललेले. काकांनी तो कोट घेतला आणि त्याचं वजन हाताने तोलून पाहत राहिले.

टॅक्सीत त्या माझ्याशी बोलत होत्या. वैजूला दुसऱ्या गावातल्या हॉस्पिटलात काम मिळालं होतं, कायमचं नाही, पण मिळालं. मुलं आता मराठी बोलायला लागली होती. "सुरुवातीला मी रोज रडायचे," त्या सहज म्हणाल्या. "बाहेर असले की पापण्या चिकटायच्या. मग ठरवलं, रडायचं ते घरात." पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेले काका मागे वळले नाहीत. त्यांचे कान मात्र आमच्याकडे होते.

"आणि बर्फ पडलं की काय करायचे लोक?" मी विचारलं.

"अगं, पहाटे मोठी गाडी येते सरकारची. आपण उठायच्या आत रस्ता मोकळा. मी खिडकीतून बघायचे. ते आले की मला धीर यायचा, आता मुलांची बस येणार म्हणून."

तेव्हा काका वळले. "त्याला किती..." म्हणाले आणि थांबले. पुढचा शब्द मला ठाऊक होता, काकूंना ठाऊक होता. काकूंनी ओठ मिटून घेतले. काकांनी मांडीवरचा तो कोट उगाचच सारखा केला.

"त्याला किती माणसं लागतात?" त्यांनी विचारलं.

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एकच असतो बाई गाडीत. म्हातारासा. मी खिडकीतून हात करायचे त्याला. तोही करायचा."